आमच्या घरची स्पिनस्टर

३ नोव्हेंबर, सोमवार

ही डायरी मिहिकाच्या जुन्या ऑफिसची. जाड पुठ्ठा, आत रेशमी फीत, पानापानावर तारीख छापलेली, आणि सगळी पानं कोरी. ती म्हणाली, "आजी, थ्रो इट." मी कसली थ्रो करते! लांज्याच्या शाळेत चौथीपर्यंत पाटीवर लिहिलं आणि थुंकी लावून पुसलं. एवढा गुळगुळीत कागद हाताला कधी लागला नव्हता. गेलेल्या महिन्यांच्या पानांवर मी लोणच्यांची प्रमाणं लिहीन म्हणते. आजपासूनची पानं मात्र आजच्याच गोष्टींना.

मिहिका म्हणजे माझी नात, अनिलची एकुलती एक. वय एकतीस. जन्मली शारजात, वाढली शारजात. मराठी येतं, पण घाईत असली की इंग्रजीत बोलते, आणि घाईत ती नेहमीच असते. सहा वर्षं इन्शुरन्सच्या ऑफिसात बसली आणि सप्टेंबरात एके दिवशी राजीनामा देऊन घरी आली. आता ती सायकल शिकवते.

रस्त्यावरची नव्हे. आमच्या बिल्डिंगला लागून लेडीज जिम आहे, तिथे एका खोलीत वीस सायकली जमिनीला ठोकून ठेवल्यात. त्याला स्पिन म्हणतात. परवा मी बघायला गेले. दिवे बारीक करतात, गाणी मोठी करतात, आणि मिहिका समोरच्या ओट्यावरच्या सायकलीवरून ओरडते, "यल्ला, चला लेडीज! चढ आलाय, चढ!" कुठला चढ? फरशी सपाट. पण खरं सांगते, खुर्चीत बसून मलासुद्धा धाप लागली. पाऊण तास पाय मारून बायका घामाने न्हाल्या आणि जिथे बसल्या होत्या तिथेच उतरल्या. मी टाळ्या वाजवल्या. एकटीच वाजवत होते, पण वाजवल्या.

अनिलला हे पटलेलं नाही. जिमची मॅनेजर सोनम म्हणते, तीस तारखेपर्यंत संध्याकाळच्या क्लासला बारा बायकांनी नाव घातलं तर क्लास मिहिकाचा, नाहीतर ती वेळ झुंबाला. आणि अनिल म्हणतो, तसं झालं तर रुवैसला जायचं. तिथे त्याच्या मित्राच्या ऑफिसात जागा आहे. रुवैस म्हणजे अबुधाबीच्याही पलीकडे, गाडीने चार तास, एका बाजूला रिफायनरी आणि दुसऱ्या बाजूला वाळू. त्याच मित्राचा मुलगा नीरव तिथे इंजिनियर आहे. हे अनिल अगदी शेवटी, सहज आठवल्यासारखं सांगतो. रोज सहज आठवतं त्याला.

नीरवचं नाव निघालं की मिहिका ताटावरून उठते आणि क्लासला पळते. किती उत्साह पोरीला कामाचा!

सध्या बायका चार झाल्यात.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज मोठा शोध लागला. सुमेधाने, म्हणजे माझ्या सुनेने, कपाट आवरायला काढलं. त्यात गावच्या जमिनीचा कागद सापडला, चार वर्षांपूर्वी मिहिकाचं नाव लावलं तो. वकिलाने इंग्रजीत केलेला, खाली गोल शिक्का. मला इंग्रजीतली मोठी अक्षरं येतात, छोटी म्हणजे नुसत्या मुंग्या. पण हा कागद सगळा मोठ्या अक्षरांत होता, म्हणून चष्मा लावून बसले. मिस मिहिका अनिल नारकर. पुढे वय. आणि त्याच्यापुढे एस, पी, आय, एन...

स्पिन! मिहिकाच्या बनियनवर छातीवर लिहिलेलं असतं तेच. त्याला जोडून स्टर. स्पिनस्टर!

मी जागच्या जागी उडाले. मास्तरची मास्तरीण, डॉक्टरची डॉक्टरीण, तशी स्पिनवाल्याची स्पिनस्टर. इंग्रजीत स्टर लागलं की बाई समजायची. सिस्टर बघा. (मिस्टर सोडून. तो नियमाला अपवाद असणार.)

आणि गंमत म्हणजे कागद चार वर्षांपूर्वीचा! म्हणजे पोरीने तेव्हापासून मनात धरलं होतं. वकिलाला सांगितलं आणि आम्हाला नाही! आणि अनिल म्हणतो हे सायकलचं खूळ कालपरवाचं. सरकारी शिक्का आहे म्हणावं त्याच्यावर.

कुणाला बोलले नाही. कागद परत ठेवला. रात्रभर नव्हे, पण जेवताना सारखं हसू येत होतं. सुमेधा म्हणाली, "आई, दात दुखतोय का?"

६ नोव्हेंबर, गुरुवार

संध्याकाळी मरियमबीबरोबर लगूनवर, म्हणजे इथल्या खाडीकाठी, फेरी. मरियमबी आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहते, मूळ रत्नागिरीची, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी पण कबूल करत नाही. तिला म्हटलं, "आमची मिहिका स्पिनस्टर आहे."

ती थांबली. "काय गो बाय, हा शब्द मी ऐकलेला आहे. आमच्या सुमैय्याला शाळेत कोणीतरी असाच बोलला. त्या दिवशी ती जेवली नाही."

सुमैय्या म्हणजे तिची मुलगी. शाळेत इंग्रजी शिकवते, अडतीस वर्षांची, गोड पोर.

मी म्हटलं, "जेवायचं काय सोडायचं त्यात? तिला सायकल येत नसेल म्हणून चिडवलं असेल."

"हां, सायकल तर तिला येत नाय," मरियमबी म्हणाली. मग आम्ही दोघींनी मक्याचं कणीस खाल्लं. तिला खालचे दात नाहीत, मला वरचे. एक कणीस दोघींत बरोबर संपतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज मी टायपिंग सेंटरला गेले. इथे व्हिसाचे, पाण्याचे, विजेचे अर्ज टाईप करून देणारी दुकानं असतात. आमच्या गल्लीतल्या दुकानात मिथुन बसतो, कलकत्त्याचा. त्याला माझं हिंदी कळतं. तसं माझं हिंदी कळणारे फार नाहीत.

म्हटलं, "बेटा, एक अ‍ॅड बनाव. मोठ्या अक्षरमें. स्पिनस्टर क्लास."

तो कीबोर्डवर हात ठेवून थांबला. "आंटी, स्पिनस्टर? पक्का?"

"पक्का. वकील का कागद देखा है मैंने."

"मतलब ओन्ली फॉर स्पिनस्टर?"

मला वाटलं, बायकांपुरताच आहे का असं विचारतोय. "हां हां, ओन्ली. जेंट्स नहीं चाहिए. एक भी नहीं."

"वो तो नहीं होगा आंटी," मिथुन म्हणाला आणि खाली बघून टाईप करायला लागला. खांदे हलत होते. सर्दी झाली असेल, एसीत बसून होते या पोरांना. कडेने गुलाबाची फुलं घाल म्हटलं, ती घातली. खाली माझा फोन नंबर, उगीच मिहिकाला कशाला त्रास. मधे लिहिलं, शिकवणार मिहिका, शारजाची नंबर वन स्पिनस्टर. दहा कागदांचे पंधरा दिरहम घेतले, म्हणजे साडेतीनशे रुपयांच्या वर झाले, पण फुलं रंगीत आहेत.

नातूरला, म्हणजे बिल्डिंगच्या वॉचमनला, दोन लाडू दिले. त्याने तिन्ही लिफ्टमध्ये लावून दिले. बाकीचे लाँड्रीत, बकाल्यात म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे, पार्लरच्या दारावर. मिहिकाला सरप्राईज. ती पायऱ्यांनीच जाते-येते, नववा मजला असून. व्यायाम म्हणे. अनिल आणि सुमेधा पाच दिवस खोर फक्कानला गेलेत, अनिलच्या कंपनीचं तिथल्या बंदरावर काम आहे. येतील तेव्हा बारा बायका तयार!

११ नोव्हेंबर, मंगळवार

फोन थांबत नाही! हात दुखला. चार ओळी इंग्रजी मला येतं, तेवढ्यावर निभावलं.

पहिलीने विचारलं, "इज इट ओन्ली फॉर स्पिनस्टर्स?" मी म्हटलं, "येस येस, माय ग्रँडडॉटर, टॉप स्पिनस्टर."

दुसरी म्हणाली, एज लिमिट आहे का? "नो लिमिट! एनी एज, स्पिनस्टर!" तिने थँक्यू म्हटलं आणि नाक ओढलं. बाईचं मन भरून आलं असावं. वय झालं म्हणून लोक नाही म्हणत असतील तिला.

तिसरी म्हणाली, मी डिव्होर्सी आहे, चालेल का? "व्हाय नॉट! हसबंड नो नीड."

चौथीने हळूच विचारलं, "मॅरिड कॅन कम?" म्हटलं, "कम, कम! मॅरिड ऑल्सो बिकम स्पिनस्टर. ट्वेंटी डेज!" वीस दिवसांत पाय सुटतात असं मिहिकाच सांगते.  मग बाई इतकी हसली, इतकी हसली की फोन पडल्याचा आवाज आला.

आणि एक पुरुष. हिंदीत, घुश्शात. "आपके क्लास में मेरी बीवी जाएगी तो स्पिनस्टर बन जाएगी?"

"हंड्रेड परसेंट," मी म्हटलं. "गॅरंटी मेरी."

त्याने फोन आपटला. असे असतात एकेक नवरे. बायको जरा फिट झाली की यांना भीती.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज काय झालं ते लिहिते, पण मला कळलेलं नाही.

दुपारी अनिल आणि सुमेधा परत आले. दार उघडलं तर सुमेधाच्या हातात माझा कागद, लिफ्टमधून ओढून काढलेला, एका कोपऱ्याचे गुलाब फाटलेले. तिचे डोळे लाल.

"आई, हे तुम्ही केलंत?"

मी आनंदाने हो म्हटलं.

सुमेधा आतल्या खोलीत गेली. अनिल खुर्चीत बसला, बूटसुद्धा काढले नाहीत त्याने. म्हणाला, "आई, तुला बोलायचं होतं तर घरात बोलायचंस. टोमणा मारायला अख्खी बिल्डिंग लागते का?"

"कसला टोमणा? अरे, चौदा फोन आले!"

"चौदा!" अनिलने डोक्याला हात लावला. "आम्ही दोन वर्षं तो विषय काढत नाही घरात. तिला लागेल म्हणून. आणि तू फुलं काढून लावतेस!"

कुठला विषय? सायकलचा विषय तर रोज निघतो.

संध्याकाळी मिहिका आली. टेबलावरचा कागद वाचला. दोनदा वाचला. मला वाटलं आता येऊन गळ्यात पडणार. ती शांतपणे म्हणाली, "आजी, डिड यू डू इट ऑन परपज?"

परपज शब्द मला नक्की येत नाही, पण चांगला वाटला, शंखपुष्पीच्या टॉनिकच्या बाटलीवर असतो तसा. माझ्या कामाची कदर होतेय असं वाटलं. म्हटलं, "येस बाळा. फुल परपज."

तिचा चेहरा असा झाला की लिहवत नाही. ती अनिलकडे वळली. "फाइन, बाबा. आय विल गो टू रुवैस. कॉल देम." आणि खोलीचं दार लावून घेतलं.

म्हणजे मी जिच्यासाठी केलं तीच चालली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

 दुधीची भाजी केली. सगळ्यांनी खाल्ली. दुधीची भाजी सगळ्यांनी गपचूप खाल्ली म्हणजे घरात किती बिघडलंय बघा.

१६ नोव्हेंबर, रविवार

कागद काढून टाकावेत म्हणून लिफ्टमध्ये शिरले. दुसऱ्या मजल्यावर सुमैय्या चढली, मरियमबीची. माझा हात कागदावर बघून म्हणाली, "आजी, नका काढू."

"काढायलाच हवा गं. याच्यापायी घरात मी परकी झाले."

"तुम्हाला माहितेय ना, स्पिनस्टर म्हणजे काय?"

"हो तर. स्पिन शिकवणारी. मास्तरची मास्तरीण तशी."

सुमैय्या लिफ्टच्या आरशाला टेकली आणि हसत हसत खाली बसायला आली. मग माझा चेहरा बघून उठली आणि माझा हात धरला. "आजी, रागवू नका. स्पिनस्टर म्हणजे जिचं लग्न झालेलं नाही आणि लोकांच्या मते आता होणारही नाही अशी बाई. प्रौढ कुमारिका म्हणतात ना, ती."

लिफ्ट थंड असते, पण माझे कान पेटले. माझ्या नातीचं नाव. तिन्ही लिफ्टमध्ये. गुलाबांसकट. नंबर वन.

"पण वकिलाने लिहिलंय! शिक्का मारून!"

"वकील अजून लिहितात. इंग्लंडमध्ये तर लग्नाच्या रजिस्टरमधून तो शब्द काढूनही वीस वर्षं झाली. पण आजी, तुम्ही अगदीच चुकला नाहीत." शिकवायला लागली की सुमैय्याचा आवाज बदलतो, खडू हातात असल्यासारखी दोन बोटं धरते. "स्पिन म्हणजे आधी सूत कातणं. आणि ते स्टर खरंच बायकांसाठी लावायचे, फार जुन्या काळी. स्पिनस्टर म्हणजे सूत कातणारी बाई. लोहार, सुतार, तसा धंदा."

"मी म्हटलंच होतं, स्टर म्हणजे बाई!"

"म्हटलं होतंत. मग ज्यांची लग्नं झाली नव्हती त्या बायका सूत कातून आपलं पोट भरायच्या. कोर्टात, चर्चमध्ये नाव लिहिताना पुढे धंदा लिहायचे, स्पिनस्टर. लिहिता लिहिता सूत गळून गेलं, नुसतं लग्न न झालेली एवढंच उरलं. आणि मग लोक टोमणा म्हणून वापरायला लागले."

लिफ्ट वर गेली, खाली आली, माणसं चढली, उतरली. बटण दाबायचं आमच्या लक्षातच नव्हतं.

"आणि लग्न न झालेल्या पुरुषाला काय म्हणतात?"

"बॅचलर."

"तो पण टोमणा?"

"छे! बॅचलरला लोक पार्टी देतात. आम्हाला स्थळं देतात."

"पण आपल्या गेटवर लिहिलंय ना, बॅचलरना घर मिळणार नाही."

"तेवढाच एक बदला," सुमैय्या म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो.

मग मी तिला सांगितलं की चौथीत गुरुजींनी आम्हाला टकळीवर सूत कातायला शिकवलं होतं, माझा धागा वर्गात सगळ्यात बारीक. "मग मी कोण?"

"तुम्ही अस्सल स्पिनस्टर, आजी. चार मुलांच्या आई असलात तरी."

मला रडू आलं. म्हटलं, मिहिका रुवैसला चालली. सुमैय्याने फोन काढून दाखवला. त्यात माझ्या कागदाचा फोटो, आणि खाली मुंग्यांच्या रांगा. "आमच्या स्टाफरूममध्ये फिरतोय. मला एकदा तिथेच कुणीतरी हा शब्द टाकून बोललं होतं. आता इतक्या वर्षांनी कोणीतरी तो मोठ्या अक्षरांत लिहिला, वर फुलं काढली, खाली नंबर वन म्हटलं. आम्ही सहाजणी नाव घालतोय. चार टीचर, दोन नर्स. मिहिका गेली तर आम्हाला शिकवणार कोण? मला तर साधी सायकल येत नाही."

"ही पडत नाही," मी म्हटलं. "जमिनीला ठोकलेली आहे."

१७ नोव्हेंबर, सोमवार

मिहिकाच्या दारावर टकटक केली. बॅग उघडी होती, अर्धी भरलेली. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मास्तरीण, वकील, सिस्टर, फोनवर कुणाला काय सांगितलं ते, टकळी, लिफ्ट, सुमैय्या. कुठलं आधी आणि कुठलं नंतर याचा घोळ झाला, पण सांगितलं.

ती म्हणाली, "आणि ऑन परपज?"

"टॉनिकच्या बाटलीवर असतं ते?"

"मुद्दाम, आजी. मुद्दाम केलंस का, असं विचारलं मी."

अरे देवा. मी मटकन पलंगावर बसले. तिने माझ्या मांडीत डोकं घातलं आणि गदागदा हलायला लागली. मी पाठीवरून हात फिरवत राहिले, रडू नको रडू नको. तर ती हसत होती. "ट्वेंटी डेज!" म्हणत होती. "मॅरिड ऑल्सो बिकम स्पिनस्टर, ट्वेंटी डेज!" 

बॅग तिने पलंगाखाली ढकलली. रिकामी नाही केली. नुसती ढकलली.

अनिलला आणि सुमेधाला पण मीच सांगितलं. अनिल तोंडावर पेपर धरून बसला. पेपर उलटा होता. सुमेधा मात्र लगेच हसली नाही. म्हणाली, "आई, मला वाटलं तुम्हीच तिला नावं ठेवताय. मग बाहेरच्यांना काय बोलणार?" तिचं बरोबर आहे. मी तिला चहा करून दिला, तिच्या पद्धतीने, बेचव, बिनसाखरेचा.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दहा झाल्या! सुमैय्याच्या सहाजणी आल्या. सुमैय्या पहिल्या दिवशी सायकलीवर चढली ती डोळे मिटून. मिहिका ओरडली, "चढ आलाय, लेडीज!" तर ही ओरडली, "या अल्ला, उतार कधी?"

आज अकरावी आली. नाव मुनिबा, दोन मुलांची आई. मला शोधत आली आणि म्हणाली, "आंटी, मेरे मियाँ ने आपको फोन किया था. गॅरंटी वाला."

मी घाबरले. "फिर? उनको समझाया?"

"नहीं, नहीं समझाया," ती म्हणाली. "आजकल बर्तन वो धोते हैं."

फोनवाल्यांतली बाकी कुणी आली नाही, अजून एक हवी. सोनम म्हणते, तीस म्हणजे तीस. मी म्हटलं मी बसते, तर तिने फॉर्म मागे ओढला. वय बहात्तर लिहायला नको होतं.

३० नोव्हेंबर, रविवार

सोनम पाच वाजता रजिस्टर बंद करणार होती. पावणेपाचला सुमेधा जिमच्या दारात. पंजाबी ड्रेस, पायात बूट, गुडघ्याला पट्टा. मिहिका म्हणाली, "आई, युवर नी!"

सुमेधा म्हणाली, "गुडघा माझा आहे. फॉर्म दे." आणि भरायला लागली. मी शेजारी उभी होते. व्यवसायाच्या रकान्यात आजवर ती प्रत्येक अर्जावर हाऊसवाइफ लिहीत आलीय. तिथे तिने पेन थांबवलं. मग मोठ्या अक्षरांत लिहिलं, मला वाचता यावं म्हणूनच बहुतेक. एस, पी, आय, एन... सुमैय्याने शिट्टी वाजवली. बारा!

क्लास संपल्यावर सगळ्या गेल्या. मिहिका आणि मी लगूनच्या बाकावर बसलो. तिने बुटांच्या नाड्या सैल केल्या. मग मराठीत म्हणाली, आणि ती मराठीत बोलली म्हणजे घाईत नव्हती, "आजी, मी स्पिनस्टरच राहिले तर?"

"आता कोण काढतंय तुला? बारा झाल्या की."

"तो अर्थ नाही. दुसरा."

मी पाण्याकडे बघितलं. ती म्हणाली, "नीरव चांगला आहे, त्याच्यात काही खोट नाही. दोन वर्षांपूर्वी सांगून आलेला तो मुलगाही चांगला होता, मीच नाही म्हटलं, आणि आईबाबांना वाटलं माझं मन मोडलं. माझं काहीच मोडलं नव्हतं, आजी. मला नकोच आहे कुणी. मी आहे तशी मजेत आहे."

तेव्हा मला एकेक गोष्ट आठवायला लागली, ताटावरून उठून पळणं वगैरे. उत्साह म्हणे! मी आपली टाळ्या वाजवत होते.

खरं सांगते, म्हातारपणी हिला कोण, हा विचार आला, येणारच. पण मग असंही आलं की मला सतराव्या वर्षी कोणी विचारलंच नव्हतं. हिचे आजोबा चांगले होते, वाईट बोलणार नाही मी त्यांच्याबद्दल. पण विचारलं नव्हतं हेही खरं. आणि ही पोर मला विचारतेय, बहात्तर वर्षांच्या, इंग्रजी न येणाऱ्या बाईला, की चालेल का.

म्हटलं, "चालेल."

"आणि बाबा?"

"बाबाला आत्ता पहिला अर्थ सांगू. दुसरा मी बघते."

२ डिसेंबर, मंगळवार

आज इथला राष्ट्रीय दिवस. गाड्यांवर झेंडे, लगूनवर गर्दी, सगळे घरात. सकाळी नीरवच्या आईचा रुवैसहून फोन आला. अनिलने स्पीकरवर टाकला. मिहिका कधी येतेय, घर बघून ठेवलंय, नीरव पण विचारत होता, असं ती बोलत सुटली. अनिल नुसता "हो वहिनी, त्याचं असं झालं वहिनी" एवढंच म्हणत होता. घाम आला त्याला, एसीत. मिहिका स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात सोललेलं केळं, खात नव्हती.

मी अनिलच्या हातातून फोन घेतला. म्हटलं, "नमस्कार, मी अनिलची आई. मिहिका काही रुवैसला येत नाही. ती स्पिनस्टर आहे."

अनिलने डोळे मिटून घेतले.

 मग नीरवची आई म्हणाली, "अय्या, हो का? छान! मला आमच्या ह्यांनी काही सांगितलंच नाही. इथेच शारजात?"

"इथेच. शेजारच्या बिल्डिंगमध्ये."

"बरं बाई. आजकाल मुली काय काय करतात! आणि पर्मनंट आहे का?"

मी मिहिकाकडे बघितलं. तिने मान हलवली, हळू, पण हलवली. अनिलने डोळे उघडले होते, आणि तो तिच्याकडेच बघत होता.

मी म्हटलं, "हो. पर्मनंट आहे."